पृथ्वीची पहिली हवा गेली कुठे?

आजचा भाग पृथ्वीची हवा आणि समुद्र कसे तयार झाले यावर आहे. शाळेत हे आपण चार वाक्यांत उरकलेलं असतं. पृथ्वी तप्त गोळा होती, हळूहळू थंड झाली, खूप पाऊस पडला, समुद्र झाले. झालं, पुढचा धडा!

पण या चार वाक्यांत चार मोठे प्रश्न दडलेत. वितळलेल्या दगडाच्या गोळ्यावर पाणी आलं कुठून? तेव्हाची हवा कशाची होती? ती आज आपल्या डोक्यावर का नाही? आणि हे सगळं बघायला कुणीच नव्हतं, तर आपल्याला कळलं कसं?

बहुतेक लोकांना पहिला प्रश्न आवडतो. धूमकेतू, उल्का, एकदम सिनेमा. मला तिसरा जास्त भारी वाटतो, कारण पृथ्वीची जुनी हवा नाहीशी झालेली नाही. ती दगडात जाऊन बसली आहे, आणि आपण तो दगड खणून रोज भाजतोय. पण तिथपर्यंत पोचायला सुरुवातीपासून जावं लागेल.

नियॉनची साक्ष

सूर्यमाला साधारण ४५७ कोटी वर्षांपूर्वी तयार झाली. कोवळ्या सूर्याभोवती वायू आणि धुळीची एक मोठी चकती फिरत होती. वायू म्हणजे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. त्या चकतीतच पृथ्वी वाढत होती, म्हणजे तिने आसपासचा थोडा वायू ओढून घेतला असणार. मग आपली हवा तीच का?

नाही, आणि याचा पुरावा आहे नियॉन. हो, तोच, दुकानांच्या लाल चमकत्या पाट्यांमधला. सूर्यात आणि एकूण विश्वात नियॉन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण सारखं आहे. आपल्या हवेत मात्र नायट्रोजन ७८ टक्के आणि नियॉन दहा लाख भागांत फक्त १८ भाग! आता नियॉन कुणाशीच संयोग करत नाही. तो दगडात मुरत नाही, बर्फात सहज अडकत नाही. पृथ्वीने आपली हवा सरळ त्या चकतीतून घेऊन टिकवली असती, तर आज नायट्रोजनच्या बरोबरीने नियॉन दिसायला हवा होता.

याचा अर्थ, पहिलीवहिली हवा जी काही होती ती अवकाशात निघून गेली. तरुण सूर्याच्या प्रखर किरणांनी आणि मोठमोठ्या टकरींनी ती टिकू दिली नाही. आज आपण श्वासात घेतो ती हवा नंतरची आहे. आणि ती वायूच्या रूपात आलेली नाही. दगडात बांधली जाऊन आली आणि नंतर सुटली.

दगडातून सुटलेली हवा

पृथ्वी बनली ती टकरींमधून. लहान खडक एकमेकांवर आपटून मोठे झाले, मोठे अजून मोठ्यांवर आपटले. शेवटची मोठी टक्कर मंगळाएवढ्या एका ग्रहाशी झाली असं मानतात. त्या ग्रहाला शास्त्रज्ञांनी थिया असं नाव दिलंय. उडालेल्या मलब्यातून चंद्र तयार झाला आणि पृथ्वीचा बराचसा भाग वितळला. वर समुद्र होता, पण वितळलेल्या दगडाचा. मॅग्माचा.

सोड्याच्या बाटलीत जसा वायू विरघळलेला असतो, तसे या मॅग्मात वायू विरघळलेले होते. थंड होत दगड घट्ट व्हायला लागला की वायू बाहेर पडणार. मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, त्यांच्यासोबत नायट्रोजन. पुढे ज्वालामुखींनीही हेच काम चालू ठेवलं.

पृथ्वीच्या पोटातून हवा सुटते याचा एक पुरावा तुम्ही आत्ताही श्वासात घेताय. हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन आहे. यातला बहुतेक सगळा आर्गॉन-४० या प्रकारचा आहे, आणि तो तयार होतो दगडातल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून. म्हणजे हा आर्गॉन आधी दगडात जन्मला आणि मग हवेत आला. दुसरा रस्ताच नाही.

काही जणांना इथे कॉलेजमध्ये ऐकलेला स्टॅन्ली मिलर यांचा प्रयोग आठवेल. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाणी एका काचेच्या उपकरणात घेऊन त्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि अमिनो आम्लं मिळाली. प्रयोग भन्नाटच होता. पण पृथ्वीच्या त्या काळच्या हवेत मिथेन आणि अमोनियाचं राज्य होतं, हे गृहीतक आता बहुतेक भूवैज्ञानिक मानत नाहीत. वाफ, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन हे मिश्रण जास्त पटतं.

पाण्याच्या बोटांचे ठसे

आता पाणी. पृथ्वीवरचे सगळे समुद्र एकत्र केले तर साधारण १३३ कोटी घन किलोमीटर पाणी होतं. ऐकायला प्रचंड वाटतं, पण वजनात पाहिलं तर पृथ्वीच्या एकूण वजनाच्या ०.०२ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा खरा प्रश्न असा की एवढं थोडं पाणी नेमकं कोणत्या मालातून आलं?

हे ओळखायची युक्ती फार सुंदर आहे. हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्यूटेरियम. आपल्या समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या साधारण ६४०० अणूंमागे एक ड्यूटेरियमचा. हे प्रमाण म्हणजे पाण्याच्या बोटांचे ठसे समजा. अवकाशातल्या वेगवेगळ्या वस्तूंमधल्या पाण्याचे ठसे घ्यायचे आणि आपल्याशी जुळवायचे.

पहिला संशयित धूमकेतू, कारण तो बराचसा बर्फाचाच. १९८६ मध्ये जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं. ठसे जुळले नाहीत, जड हायड्रोजन जवळपास दुप्पट निघाला. २०१४ मध्ये रोझेटा यान ६७पी या धूमकेतूवर पोचलं, तिथे तर तिपटीहून जास्त. मधेच हार्टली-२ नावाच्या एका धूमकेतूचे ठसे जुळले, म्हणून धूमकेतूंना पूर्ण क्लीन चिट नाही. पण मुख्य पुरवठादार ते नसावेत.

कार्बनयुक्त उल्कांचे ठसे मात्र आपल्या पाण्याशी छान जुळतात. या उल्का मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून येतात आणि त्यांच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं. त्यामुळे बरीच वर्षं गोष्ट अशी सांगितली जायची की पृथ्वी कोरडी बनली आणि पाणी नंतर बाहेरून आलं.

२०२० मध्ये यात एक वळण आलं. एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट नावाच्या उल्का असतात. पृथ्वी ज्या मालाची बनली त्याच्याशी सगळ्यात जास्त मिळत्याजुळत्या. त्या कोरड्या समजल्या जायच्या. फ्रान्समधल्या संशोधकांनी त्या नीट तपासल्या तर त्यांत बराच हायड्रोजन सापडला. इतका, की पृथ्वी अशाच खडकांची बनली असेल तर आजच्या समुद्रांच्या निदान तिप्पट पाण्याची सोय मुळातच होती. आणि ठसेही पृथ्वीच्या पोटातल्या पाण्याशी जुळणारे.

तेव्हा आजचं चित्र साधारण असं आहे: बरंचसं पाणी घरचं, त्यात बाहेरून आलेली भर. कोणाचा वाटा किती यावर वाद चालू आहे. एक मात्र लक्षात ठेवा. 'घरचं पाणी' म्हणजे दगडात साठलेलं पाणी नव्हे, दगडातला हायड्रोजन. तो ऑक्सिजनला भेटून वाफ होऊन बाहेर आला.

जगातला सगळ्यात मोठा कुकर

आता कल्पना करा. आजचे सगळे समुद्र वाफ होऊन हवेत आहेत. त्या वाफेचा जमिनीवरचा दाब किती असेल? आजच्या हवेच्या दाबाच्या सुमारे २७० पट. त्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब वेगळाच.

घरच्या कुकरमध्ये दाब साधारण दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. म्हणून डाळ लवकर शिजते. पृथ्वीच्या या कुकरमध्ये तर पाणी दोनशे अंशांच्या वरही द्रवरूपात राहू शकत होतं. त्यामुळे पाऊस पडायला पृथ्वी १०० अंशांच्या खाली यायची गरजच नव्हती! मॅग्माचा पृष्ठभाग गोठला, आतून येणारी उष्णता कमी झाली, वाफ थंड व्हायला लागली आणि पाऊस सुरू झाला. पहिला समुद्र बहुधा असा होता: कडकडीत गरम, आणि वर कार्बन डायऑक्साइडची जाड दुलई.

हे कधी घडलं? इथे माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला घाम फुटेल अशी परिस्थिती आहे, कारण लॉग उडालेले आहेत. पृथ्वीच्या पहिल्या पन्नास कोटी वर्षांतला दगड जवळपास उरलेलाच नाही. सगळं वितळून, दबून, परत वापरलं गेलं. उरले ते वाळूच्या कणाएवढे झिरकॉनचे स्फटिक.

झिरकॉन भयंकर चिवट. तयार होताना तो युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत राहतं. म्हणजे आतलं शिसं मोजलं की वय कळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधल्या एका कणाचं वय निघालं सुमारे ४४० कोटी वर्षं. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ओडिशातल्या सिंगभूम पट्ट्यातल्या दगडातही ४२० कोटी वर्षांहून जुने झिरकॉन सापडलेत.

वयापेक्षा मोठी बातमी त्या कणांतल्या ऑक्सिजनमध्ये होती. जॅक हिल्सच्या कणांत ऑक्सिजनचा जड प्रकार नेहमीपेक्षा जास्त आहे. ज्या दगडाने आधी द्रवरूप पाण्याशी, कमी तापमानात, संबंध ठेवलाय, असा दगड पुन्हा वितळला तरच असं होतं. म्हणजे पृथ्वी जन्मल्यावर दहा-वीस कोटी वर्षांत इथे पाणी होतं. शाळेत आपण त्या काळाचं चित्र नुसतं लाव्हाचं काढायचो. प्रत्यक्षात तेव्हा बहुधा समुद्र होता.

कार्बन डायऑक्साइड गेला कुठे?

वाफेचे समुद्र झाले. आता उरला तो कार्बन डायऑक्साइड. तो कुठे गेला हे समजायला शेजारी डोकावू.

शुक्र जवळपास पृथ्वीएवढा आणि साधारण तशाच मालाचा. त्याच्या हवेचा दाब आपल्या ९० पटींहून जास्त, त्यात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, तापमान ४६० अंशांच्या पुढे. आपल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. गंमत म्हणजे पृथ्वीकडेही एकूण कार्बन साधारण शुक्राच्याच मापाचा आहे. फक्त तो हवेत नाही, चुनखडीत आहे.

हे काम केलं पावसाने. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आंबट होतं. ते आम्ल दगडाला हळूहळू खातं. दगडातलं कॅल्शियम सुटून नदीतून समुद्रात जातं. तिथे कॅल्शियम आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र येऊन चुनखडी बनते आणि तळाशी बसते. हवेतला वायू दगड झाला.

याचा अर्धा भाग तुम्ही कोकणात डोळ्यांनी पाहू शकता. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. लाखो वर्षं पावसाने तो धुतला की त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिका वाहून जाते आणि लोह, ॲल्युमिनियम मागे राहतं. तो लालसर, भोकाभोकांचा दगड म्हणजे आपला जांभा. रत्नागिरीतल्या एखाद्या घराची जांभ्याची भिंत म्हणजे या व्यवहारातली उरलेली बाजू. गेलेली बाजू समुद्रात.

शुक्रावर हा व्यवहार चालू शकला नाही, कारण त्यासाठी द्रवरूप पाणी लागतं. शुक्राला आपल्या जवळपास दुप्पट सूर्यप्रकाश मिळतो. तिथली वाफ वर चढली, सूर्यकिरणांनी फुटली आणि हायड्रोजन अवकाशात निसटला. हलका हायड्रोजन जास्त सहज निसटतो, जड मागे राहतो. आज शुक्राच्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्यापेक्षा शंभरपटीहून जास्त आहे. पाणी गेल्याची पावतीच ती. पृथ्वीवर मात्र वाफ काही किलोमीटर वर गेली की गारठून खाली येते, पाऊस होऊन.

आता एक शंका. त्या काळी सूर्य आजच्यापेक्षा २५ ते ३० टक्के मंद होता. आजची हवा तेव्हा असती तर समुद्र गोठले असते. कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलेन यांनी १९७२ साली हे कोडं मांडलं. उत्तराचा मोठा भाग पुन्हा तोच कार्बन डायऑक्साइड. तेव्हा तो जास्त होता, म्हणून ऊब टिकली.

मग सूर्य तापत गेला तेव्हा आपण भाजलो कसे नाही? कारण हा व्यवहार स्वतःला सांभाळतो. पृथ्वी तापली की पाऊस वाढतो, दगड जास्त झिजतो, कार्बन डायऑक्साइड जास्त खेचला जातो, पृथ्वी थंड होते. फार थंड झाली की झीज मंदावते. दरम्यान समुद्रतळाचे तुकडे चुनखडी घेऊन पृथ्वीच्या पोटात जातात आणि ज्वालामुखी तो वायू परत हवेत सोडतात. साठा पुन्हा भरतो. एसीच्या थर्मोस्टॅटसारखंच, फक्त याला खोली थंड करायला लाखो वर्षं लागतात.

ऑक्सिजन सगळ्यात शेवटी

इथपर्यंतच्या गोष्टीत ऑक्सिजन वायूचं नाव नाही, लक्षात आलं का? पृथ्वीच्या जवळपास अर्ध्या आयुष्यात हवेत तो नव्हताच. तो सोडला सायनोबॅक्टेरियांनी, प्रकाश आणि पाणी वापरून अन्न बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी. पण सुरुवातीला तो हवेत साचलाच नाही. समुद्रात विरघळलेलं लोह आणि ज्वालामुखीचे वायू तो लगेच फस्त करायचे. लोह गंजून तळाशी बसायचं. लोहाचा थर, मग सिलिकाचा थर, पुन्हा लोहाचा. गोव्याचं लोहखनिज आणि गडचिरोलीतल्या सूरजागडचं लोहखनिज याच पट्ट्यापट्ट्यांच्या जुन्या दगडातून आलेलं आहे.

हवेत ऑक्सिजन टिकायला लागला तो २४० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. त्याआधीच्या दगडांत गंधकाच्या आयसोटोपचा एक विचित्र नमुना दिसतो. हवेत ऑक्सिजन नसताना अतिनील किरणांमुळेच तो तयार होतो. नंतरच्या दगडांत तो नमुना गायब आहे. २००० साली हे दाखवलं गेलं, आणि ऑक्सिजनच्या आगमनाचा याहून स्पष्ट शिक्का दुसरा नाही.

भिंतीतली हवा

आता सुरुवातीला म्हटलेल्या भाजण्याकडे येऊ. चंद्रपूर आणि यवतमाळ भागात चुनखडीचे जाड थर आहेत, एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेले. तिथे सिमेंटचे कारखाने आहेत ते त्यामुळेच. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पावसाने आणि समुद्राने केलेलं काम आपण भट्टीत उलटं फिरवतो. जगभरात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त कोळशाचा नाही, खुद्द दगडातून सुटलेला.

कोळसा आणि तेल हा कार्बनचा दुसरा साठा. तोही जमिनीखाली गेलेला, तोही आपण वर काढतोय. १७५० च्या सुमारास हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. याने पृथ्वीचा शुक्र होणार नाही, तेवढं घाबरायचं कारण नाही. पृथ्वीचा थर्मोस्टॅट बंद पडलेला नाही. पाऊस आजही सह्याद्री झिजवतोय, समुद्रात आजही चुनखडी बनतेय. तो हा जादाचा वायूही एक दिवस दगडात नेऊन बसवेल.

प्रश्न वेगाचा आहे. आपण दोन-अडीचशे वर्षांत जे बाहेर काढलं, ते आवरायला त्याला लाखो वर्षं लागतील. पृथ्वीला घाई नाही. आपल्याला तेवढा वेळ नाही.

पुढच्या वेळी कोकणात गेलात की जांभ्याच्या भिंतीवर एकदा हात ठेवा. आणि गावाकडच्या कुणाला चुन्याची भट्टी आठवत असेल तर नक्की कळवा, त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. चला, भेटू पुढच्या भागात!